पाणीपातळी निरंक

जे तळं जगात नाही ते बायकोला दाखवायला न्यायचं म्हणजे काय असतं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. नकाशेकाकांवर ती एका रविवारी सकाळी आली, तीही चहा कपातून बशीत येईपर्यंत.

"अहो," काकू म्हणाल्या, "गुडघे शाबूत आहेत तोवर मला माझं तळं बघायचंय."

काका बशीकडे बघत राहिले. त्या बशीत जेवढं ओलं होतं तेवढंसुद्धा काकूंच्या तळ्यात नाही, हे अख्ख्या जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बशी उचलली, चहा प्यायले आणि म्हणाले, "बघू."

नकाशेकाका म्हणजे नकाशा कचेरीतले निवृत्त ड्राफ्ट्समन. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कुणाला वेळ असतो? सगळी इमारत त्यांना नकाशेकाकाच म्हणायची. नोकरीत त्यांनी बासष्ट नकाशे काढले. शेकडो डोंगर त्यांच्या बोटांखालून गेले आणि त्यांतला एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. दातांच्या डॉक्टरकडे जाताना ते दरवेळी वाट चुकत आणि चपलांच्या दुकानात पोहोचत. त्यामुळे घरात दातांच्या मानाने चपला जरा जास्तच झाल्या होत्या.

पण हात! हाताच्या बाबतीत काका कुणाचं ऐकून घेत नसत. मनगटावर पाण्याचा पेला ठेवून रेघ मारायला सांगितलं तरी पेल्यातलं पाणी हलायचं नाही, असं कचेरीत म्हणत. निरोपसमारंभात साहेबांनी हेच वाक्य भाषणात घेतलं. काकांनी ते घरी आल्यावर एकदा, जेवताना एकदा आणि पुढची सहा वर्षं आल्यागेल्यासमोर सांगितलं. काकूंना ते आता पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

आणि त्या हाताने काढलेलं तळं बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या वर, काचेच्या फ्रेममध्ये होतं. दूरच्या एका पठाराचा तो नकाशा. पठार म्हणजे नुसतं रिकामं. ना गाव, ना रस्ता, नुसत्या तपकिरी उंचीरेषा. मधोमध मसुराच्या डाळीएवढा निळा ठिपका आणि त्याच्याखाली मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं, 'चिमणी तळे'. चिमणी हे काकूंचं माहेरचं लाडाचं नाव. लग्नाच्या वेळी ते त्यांना शोभायचंही. लग्न झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी काका म्हणाले होते, "मी तुझ्या नावाचं एक तळं काढलंय." त्यावर काकूंचा चेहरा असा काही उजळला, की पुढचं वाक्य काकांच्या घशातच राहिलं. ते आज छत्तीस वर्षं तिथेच होतं.

शेजारणी बसायला आल्या की काकू विणकामाच्या सुईचं टोक काचेवर ठेवून तळं दाखवत. कुणाला नवऱ्याने बांगड्या केल्या होत्या, कुणाला शिलाईचं यंत्र आणलं होतं. तळं कुणालाच मिळालं नव्हतं. भांडण झालं तरी काकू शेवटी म्हणत, "तुमचं तुमच्यापाशी ठेवा. माझं आपलं तळं आहे." आणि भांडण तिथेच संपायचं. आता ज्या तळ्याने छत्तीस वर्षं संसाराचं भांडण विझवलं, ते तळं नाही असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

घडलं होतं ते इतकंच, की निळ्या शाईचा एक थेंब नकाशावर पडला. सहा महिन्यांचं काम होतं, आणि डाग दिसला की हेड ड्राफ्ट्समन कागद उभा फाडत. काकांनी टीपकागद लावला, त्याने थेंबाला एक शेपूट फुटलं. मग त्यांनी कडा नीट गोल केल्या, खाली नाव घातलं आणि नकाशा पुढे सरकवला. तीन साहेबांनी तपासून सह्या केल्या. ज्या तळ्यावर तीन सह्या झाल्या ते आटवण्याची ताकद सूर्यातसुद्धा नसते. थेंब का पडला, हे मात्र काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या हाताच्या अब्रूचं प्रकरण होतं.

"बघू" या शब्दावर काकांनी दोन आठवडे काढले. पठार फार लांब आहे, तिथे रस्ता नाही, वाट सांगायला माणूस नाही, अशी एकेक भिंत ते उभी करत गेले. ती पाडायला वरच्या मजल्यावरचे बँकवाले आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ला सोडून द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"वाट विचारायचे दिवस गेले हो काका! आता यंत्र आलंय. आकाशातल्या उपग्रहांना विचारतं आणि तुम्हाला सांगतं. रानात नेऊन सोडा, वाळवंटात सोडा, बरोब्बर नेतं."

"पण या तळ्याचं त्याला कुठून माहीत असणार?" काका आशेने म्हणाले.

काकांच्या जावयाने आपलं यंत्र पाठवून दिलं. साबणाच्या वडीएवढं, काळं, रबरी कडांचं. बँकवाल्यांनी ते सुरू केलं, एकेक अक्षर दाबत 'चिमणी तळे' लिहिलं आणि काकांनी मनातल्या मनात हात जोडले. यंत्राने क्षणभर विचार केला. मग पडद्यावर निळा ठिपका उमटला, शेपटीसकट. आणि आतून एक बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "अंतर सहाशे बारा किलोमीटर."

झालं होतं असं, की कचेरीतले जुने नकाशे मधल्या काळात कुणीतरी उचलून यंत्रांत भरले होते. काकांचा नकाशा काकांच्याच मुळावर आला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करणार कुणाकडे? काकूंनी यंत्र दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "किती गोड आवाज आहे हिचा!"

आता उरला एकच आधार, सरकार. त्या पठारावर जायला परवाना लागतो, असं कळल्यावर काकांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी दोनदा आंघोळ केली. आजवर सरकारी कचेरीने कुणाचं काम अडवलं नाही असं झालं नव्हतं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर भिस्त ठेवली.

परवाना खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला. "प्रयोजन, तळे पाहणे." त्यांनी मान वर केली. "तळं? तिथे?"

"नसेल तर तसं स्पष्ट सांगा," काका घाईघाईने म्हणाले. "आम्ही मुळीच वाईट वाटून घेणार नाही. लगेच परत जाऊ."

बाईंनी कपाटातून नकाशा काढून टेबलावर पसरला. अर्थात काकांचाच. "हे काय, आहे की! तळं म्हटल्यावर मात्र पाटबंधारे खात्याचं ना-हरकत पत्र लागेल. तिसरा मजला."

तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी चिमणी तळ्याची फाइल मागवली. ती दोन हातांनी उचलून आणावी लागली. काका त्या फाइलीकडे बघतच राहिले. त्यांच्या पेनमधून पडलेल्या एका थेंबाला इतका कागद फुटला होता.

"एक हमीपत्र भरा," साहेब म्हणाले. "अर्जदारास पोहता येते किंवा येत नाही. नको ते खोडा. तिथली खोली अजून मोजलेली नाही, त्यामुळे जबाबदारी आपली."

"येत नाही," काकू म्हणाल्या. "अहो, खरं ते लिहा. पाण्याशी खोटेपणा नको."

काकांनी 'येते' खोडलं. साहेबांनी एक बंद लिफाफा पुढे केला. "आणि एवढं तळेरक्षकाला द्या. टपाल तिकडे फार उशिरा जातं."

"तिथे... तळेरक्षक आहे?"

"तळं आहे म्हटल्यावर रक्षक नको?" साहेबांनी विचारलं, आणि काकांनी लिफाफा खिशात घातला.

त्या दिवशी दुपारी काका आडवे झाले तेव्हा पडद्यातून येणारा उजेड छतावर हलत होता, पाण्यावरून परतून आल्यासारखा. एवढे लोक, एवढे शिक्के, एवढी मोठी फाइल, हे सगळे खोटे आणि आपण एकटेच खरे, असं कसं असेल? कदाचित आपण काढायच्या आधीपासून ते तिथे असेल. कदाचित थेंब आपल्या पेनातून पडलाच नसेल, तो खालून कागदावर आला असेल. काकांना छान झोप लागली आणि झोपेत कुठेतरी पाणी काठाला लागत राहिलं.

निघायचं ठरल्यावर इमारतीने सल्ल्यांचा मारा केला. बँकवाल्यांनी मोटारीच्या चाकातली एक जुनी रबरी ट्यूब आणून दिली. "पोहता येत नाही ना तुम्हाला? मग राहू द्या." समोरच्या बाईंनी घट्ट झाकणाचा डबा दिला. तळ्यातले ताजे मासे आणा म्हणाल्या. डबा परत हवाय, हेही सांगितलं. काकांनी दोन्ही वस्तू मुकाट्याने घेतल्या. खोटं बोलणाऱ्या माणसाला सामान फार होतं.

रात्रभर आगगाडी आणि सकाळी भाड्याची जीप. जीपवाला मोजकं बोलणारा, मिशा खाली वळलेल्या, आणि यंत्रावर अजिबात विश्वास नसलेला. "माणसाला विचारलं तर माणूस चुकतो, पण निदान चहा पाजतो," एवढंच तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

काकूंनी यंत्र मांडीवर घेतलं. आतल्या बाईंशी त्यांचं लवकरच सूत जमलं. बाई म्हणाल्या, "उजवीकडे वळा," की काकू जीपवाल्याला सांगत, "ती उजवीकडे म्हणतेय हो." काकांनी आपल्या परीने लढून पाहिलं. एका फाट्यावर ते फार ठामपणे म्हणाले, "इथून डावीकडे. हा भाग मी काढलाय." जीप डावीकडे गेली आणि दगडांच्या एका ढिगाऱ्यापाशी संपली. यंत्रातल्या बाई म्हणाल्या, "मार्ग पुन्हा शोधत आहे."

"बघा," काकू म्हणाल्या. "एवढं चुकलात तरी आवाज चढवला नाही तिने. पुन्हा शोधते म्हणाली. शिका जरा."

मग काकांनी यंत्र बघायला मागून घेतलं, मागचं झाकण उघडलं आणि त्यांच्या त्या जगप्रसिद्ध हातातून एक सेल निसटून खिडकीबाहेर पडला. काकूंनी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. जीपवाल्याने आपल्या टॉर्चमधला सेल काढून दिला. बाई पुन्हा जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "सरळ चला."

सरळ. पण आता रस्ता असा उरलाच नव्हता. पिवळं गवत गुडघाभर वाढलं होतं आणि वाऱ्याने एका बाजूने दुसऱ्या बाजूला कलत होतं. आभाळ इतकं खाली आलं होतं की ढगांच्या सावल्या जीपच्या पुढे पुढे चालत होत्या. जीपचा आवाजसुद्धा त्या पठाराला पुरेना, कुठेतरी विरून जायचा.

काकांनी डोकं बाहेर काढलं. समोरचा उतार त्यांना ओळखीचा वाटला. हा बाक, मग तो छोटा खांदा, मग एकदम सपाटी. ही रेघ काढायला त्यांना तीन दिवस लागले होते. तपकिरी शाई, सगळ्यात बारीक निब. त्या रेघेवर गवत उगवतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिथे एक पक्षी बसला होता. काकांना वाटलं, आपण छत्तीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच हातावरून चढत चाललोय, आणि त्या तरण्या माणसाला काही पत्ता नाही. भीती तर होतीच, पण भीतीच्या पलीकडे त्यांना हे सगळं फार आवडत होतं, आणि ते काकूंना सांगावंसं वाटत होतं. पण ते सांगायचं म्हणजे मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

"तुम्ही मुक्कामी पोहोचला आहात," यंत्रातल्या बाई म्हणाल्या.

समोर एक गंजलेली पाटी होती. 'चिमणी तळे. पोहण्यास सक्त मनाई.' पाटीमागे एका खोलीचं घर. घरापुढे गवतात उभी रोवलेली, फूट आणि इंच आखलेली एक उंच मोजपट्टी आणि तिला बांधलेली शेळी. घरातून फिक्या गणवेशातला एक वयस्कर माणूस बटणं लावत धावत आला आणि काकांपुढे ताठ उभा राहिला.

"साहेब, तपासणीला आलात?" तळेरक्षकाने विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. उत्तराची वाट न बघता तो म्हणाला, "यंदा पाणी जरा कमी आहे."

काकांनी समोर पाहिलं. गवत होतं, आणि त्यापलीकडे गवत होतं.

"हो," ते म्हणाले. "कमीच दिसतंय."

"मागल्या वर्षी थोडं बरं होतं."

"असतं असं. एखाद्या वर्षी ओढ बसते."

काकूंनी आधी काकांकडे पाहिलं, मग तळेरक्षकाकडे पाहिलं. दोन मोठी माणसं कोरड्या गवताकडे बघून इतक्या गांभीर्याने पाण्याच्या गप्पा मारताहेत, हे त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. जीपवाला ट्यूब खाली उतरवत होता. तो थांबला आणि त्याने मिशीवरून हात फिरवला.

तळेरक्षकाने लिफाफा दोन्ही हातांनी घेतला, पण उघडला नाही. त्याने काकांना चार पावलं बाजूला नेलं, पण पठारावर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, हे तो घाबरल्यामुळे विसरला. "साहेब, तळं नाही असं लिहू नका. एकोणीस वर्षं काढली इथे. आलो त्याच दिवशी कळवलं होतं मी, की इथे पाणी नाही. त्यावर उत्तर आलं, नकाशाप्रमाणे तळे आहे, शोधून घ्यावे. मग मी नकाशा घेतला, पावलं मोजली, आणि घेतलं शोधून. रोज चारला पातळी बघतो. एक दिवस चुकवला नाही. आता या वयात मला कुठे पाठवणार?"

त्याने घरातून नोंदवही आणून उघडली. तारीख, वार, पाणीपातळी. निरंक. निरंक. निरंक. पानामागून पान, सुबक अक्षरात, निरंक. काकांना स्वतःच्या हाताचा फार अभिमान होता, पण त्या वहीपुढे त्यांची मान खाली गेली. काकूंनी लिफाफा त्याच्या हातून घेऊन उघडला आणि वाचला. "घाबरू नका हो. दर महिन्याच्या शेवटी निरंकची बेरीज का मारली नाही, एवढंच विचारलंय."

तळेरक्षक मटकन खाली बसला.

त्याने शोधलेलं तळं काकांना आता दिसलं. गवतात चुना फासलेले दगड ओळीने मांडलेले होते. दोनशे पावलांचा मोठा गोल, आणि त्याच्या एका अंगाला बाहेर निघालेलं एक वाकडं, निमुळतं शेपूट. टीपकागद लावताना निघालेलं. एका माणसाने काकांचा डाग जसाच्या तसा, दगड वाहून वाहून, जमिनीवर उतरवला होता आणि एकोणीस वर्षं त्याची राखण केली होती.

काका बायकोकडे वळले.

"हे तळं नाहीये," ते म्हणाले. "कधीच नव्हतं. शाईचा डाग आहे तो. माझ्या हातून पडला."

तळेरक्षकाने डोळे मिटून घेतले. काकू मात्र तळ्याचं काहीच बोलल्या नाहीत.

"तुमच्या हातून?" त्यांनी विचारलं. "डाग?"

"हात हलला त्या दिवशी."

"तुमचा हात हलत नाही. मनगटावर पेला ठेवला तरी पाणी..."

"त्या दिवशी हलला म्हटलं ना!" काका चिडून म्हणाले, आणि मग एकदम हळू झाले. "सकाळी टपाल आलं. तुझ्या वडलांचं कार्ड होतं. आमच्या चिमणीचा होकार आहे, एवढंच एक वाक्य. मी ते पट्टीखाली ठेवलं आणि पेन उचललं. मला वाटलं होतं, काम सुरू केलं की थांबेल. दिवसभर थांबला नाही. कचेरीत कुणाला कळू नये म्हणून मी हात खिशात घालून घरी गेलो. डाग झाकायला काहीतरी नाव घालायला हवं होतं, आणि डोक्यात दुसरं नावच नव्हतं."

वारा गवतावरून गेला आणि परत आला. शेळीने मोजपट्टीला अंग घासलं.

"छत्तीस वर्षं," काकू म्हणाल्या, "मला वाटायचं, या माणसाने माझ्या नावाचं तळंसुद्धा मनगटावर पेला ठेवूनच काढलं असणार. एक थेंब न सांडता. होकार कळल्यावर हा निदान हसला तरी होता का, असं मी तुमच्या आईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, छे, हात खिशात घालून जेवायला बसला."

काकूंनी चपला काढल्या, नीट जोडीने ठेवल्या, एक हात त्यांच्या खांद्यावर टेकला आणि दुखरा गुडघा सांभाळत पांढऱ्या दगडांवरून पाय पलीकडे टाकला. गवत त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. चार पावलं गेल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं.

"अहो, काठावर काय उभे राहिलात? या. फार खोल नाहीये."

काका आत गेले. त्यांनीही चपला काढल्या. जीपवाल्याने न सांगता ट्यूब फुगवली आणि दगडांवरून उचलून आत न्यायची सोडून बाहेरून वळसा घालून शेपटीकडून आणली. का, असं कुणी विचारलं नाही. काकू ट्यूबवर बसल्या. त्यांनी पाव आणि उकडलेली अंडी काढली, चौघांना वाटली. यंत्र त्यांच्या मांडीवर होतं. पडद्यावर सगळं निळं होतं आणि निळ्याच्या मधोमध छोटासा बाण स्थिर होता.

"बघा," त्या म्हणाल्या. "ही पण सांगतेय. आपण अगदी मध्यावर आहोत."

ढगाची एक सावली लांबून आली, हळूहळू दगडांच्या आत शिरली, सगळं तळं भरून टाकलं आणि पलीकडच्या काठाने निघून गेली. काका तिच्याकडे बघत होते. त्यांना आज कुठेही वाट चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

चार वाजता तळेरक्षक टोपी घालून मोजपट्टीपाशी गेला, वाकून बघितलं आणि वही घेऊन आला. "पाहुणे हजर असले तर नोंदीवर त्यांची सही लागते, साहेब. नियम आहे. एकोणीस वर्षांत लागली नव्हती."

"काय लिहिणार?" काकूंनी विचारलं.

"निरंक, बाई."

"निरंक कसं? मी आत बसलेय ना!" काकूंनी पाय उचलून दाखवले. "घोटाभर लिहा."

"बाई, चौकशी लागेल! एकोणीस वर्षांचा निरंक आहे हो!"

"आणि लिहिणार हे. यांच्याच पेनातलं पाणी आहे."

काकांनी खिशातलं पेन काढलं. वही गुडघ्यावर घेतली आणि आपल्या सगळ्यात सुंदर, छापील अक्षरात पाणीपातळीच्या रकान्यात लिहिलं, 'घोटाभर'. 'भ' जरासा थरथरला. काकूंनी तो पाहिला. काकांनी तो लपवला नाही.

समोरच्या बाईंचा डबा रिकामा परत गेला. मासे धरायचा हंगाम नव्हता, असं काकूंनीच सांगितलं.

तीन महिन्यांनी पाटबंधारे खात्याचं पत्र आलं. चिमणी तळ्याच्या पाणीपातळीत अचानक झालेल्या वाढीची खात्याने गंभीर दखल घेतली होती, आणि पर्यटकांच्या सुरक्षिततेसाठी एक होडी मंजूर करून रवाना केली होती. सोबत तळेरक्षकाची चिठ्ठी होती. होडी ट्रकने आली, मध्यावर ठेवली आहे, शेळी दुपारी तिच्यात बसते, निळा रंग दिला आहे, बाईंना घेऊन कधी येता?

काकूंनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. मग त्या उठल्या, कपाटातून परवान्याचा कोरा अर्ज आणला आणि काकांपुढे ठेवला. काका भरत भरत हमीपत्रापर्यंत आले. अर्जदारास पोहता येते, येत नाही, नको ते खोडा. सवयीने त्यांनी पेन 'येते' या शब्दावर टेकवलं.

"थांबा," काकू म्हणाल्या. "या वेळी दुसरं खोडा."